बक्षीसपत्रातील एक ओळ

आईवडिलांचा छळ करणारा मुलगा वारसाहक्क आपोआप गमावतो, असा समज व्यापारी घरांतून सर्रास आढळतो. कायदा तसे म्हणत नाही. जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातील कलम २५ खुनी व खुनास साहाय्य करणारा यांनाच अपात्र ठरवते. छळ, उपेक्षा, उपासमार यांचा तेथे उल्लेखही नाही. वडील मृत्युपत्राविना निवर्तले, तर अखेरपर्यंत सेवा करणारी कन्या आणि त्यांना घराबाहेर काढणारा पुत्र यांचा हिस्सा समानच. स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीस देता येते. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतील पुत्राचा स्वतःचा हिस्सा मात्र त्यानेही हिरावता येत नाही.

खरा घात बहुधा हयातीतच होतो. दुकानाचा गाळा, राहते घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे होते आणि काही महिन्यांत घरातील भाषा बदलते. अशा ज्येष्ठांसाठी २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. साठी उलटलेल्या व्यक्तीने, सांभाळ करण्याच्या अटीवर, हा कायदा लागू झाल्यानंतर मालमत्ता दिली असेल आणि ती अट मोडली गेली, तर निर्वाह न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

अडते ते अटीपाशी. छापील मसुद्यात ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ एवढेच असते. अट लिहिली तर मुलाला काय वाटेल, हा संकोच समजण्यासारखा आहे; पण महागही आहे. अट सिद्ध झाली नाही तर कलम २३ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी, मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका मातेच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून तिने मुलास दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. तिच्या बाजूस मुलाने सांभाळाची हमी दिलेले वचनपत्र होते. प्रत्येक मातेजवळ असा कागद असतोच असे नाही. म्हणून सांभाळाची अट बक्षीसपत्रातच, स्पष्ट शब्दांत असावी.

आपल्या भागातील न्यायाधिकरणाची माहिती प्रांत कार्यालयात मिळते. निपुत्रिक ज्येष्ठांनाही येथे दाद मागता येते: ज्या सज्ञान व ऐपतदार पुतण्याकडे त्यांची मालमत्ता जाणार आहे, त्याच्यावरही त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी हा कायदा टाकतो.