ऑक्टोपॅड लाखमोलाचा, स्टँड मात्र डगमगता!

या सदरात आजवर रक्तदाब, मधुमेह, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर लिहिले. आज ऑक्टोपॅडच्या स्टँडवर लिहिणार आहे. 'आरोग्याच्या सदरात वाद्याच्या स्टँडचे काय काम?' असे काही वाचक विचारतील. त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे. कारण आपल्या गावागावांतल्या बँजो पार्ट्यांत, ऑर्केस्ट्रांत आणि आता भजनी मंडळांतही हे वाद्य पोहोचले आहे. ते वाजवणारी मुले आपल्याच घरची आहेत आणि त्यांतली काही हात धरून माझ्या दवाखान्यात येऊ लागली आहेत.

गेल्या वर्षी लग्नसराई संपता संपता एक पंचविशीतला तरुण आला. दिवसा किराणा दुकानात कामाला, रात्री बँजो पार्टीत ऑक्टोपॅडवर. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत होती. टॉवेल पिळता येत नव्हता, चहाचा कप उचलताना हात थरथरत होता. मी त्याला अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितले. त्याबरोबर तो जागेवरून उठलाच. अंगठा हलवणाऱ्या दोन स्नायुबंधांच्या आवरणाला आलेली ही सूज. दी क्वेर्वेन नावाच्या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. कपडे पिळणाऱ्या बायकांत आणि तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये आम्ही ती नेहमी पाहतो. या मुलाला ती कशाने झाली?

मी विचारले, "अरे, काठी एवढी आवळून का धरतोस?" तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, स्टँड हलतो. सैल धरली तर नेम चुकतो." पुढे त्याने जे सांगितले ते मला नवीन होते. स्टँड हलला की एका पॅडवर मारलेल्या फटक्याने शेजारचा पॅडही आपोआप वाजे. ते टाळायला त्याने यंत्रातली संवेदनशीलता कमी करून ठेवली होती. म्हणजे हलक्या हाताने वाजेनासे झाले, प्रत्येक ठोका जोरात मारावा लागू लागला. दोन-तीन तासांच्या कार्यक्रमात असे हजारो ठोके पडतात. दोष स्टँडचा आणि त्याची भरपाई मनगट करीत होते.

एका संध्याकाळी मी त्यांचा सराव पाहायला गेलो. कॅसिओसाठी असतो तो कात्रीसारखा दुमडणारा स्टँड होता. त्यावर सुतळीने बांधलेली फळी आणि फळीवर ऑक्टोपॅड. एका पायाखाली विटेचा तुकडा. मुलगा डाव्या गुडघ्याने स्टँड दाबून धरी, उजवा पाय किकच्या पेडलवर ठेवी आणि खांदे कानापर्यंत वर चढवून वाजवी. हात दुखतो हे नवल नव्हते, कंबर अजून दुखत नाही याचेच मला नवल वाटले.

या वाद्याचा इतिहास फार जुना नाही. जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ साली पहिला ऑक्टोपॅड बाजारात आणला. आठ रबरी पॅड, म्हणून ते नाव. पुढे २०१० साली आलेला एसपीडी-३० आपल्याकडच्या वादकांत फार लोकप्रिय झाला. त्याचे वजन सुमारे ४ किलो. चार किलो म्हणजे काही फार नव्हे, असे वाटून लोक फसतात. स्टँडला नुसते वजन पेलायचे नसते. वरून सतत पडणारे ठोके सोसायचे असतात, आणि तेही बहुतेक मधोमध न पडता कडेच्या पॅडवर पडतात. खांबापासून ठोका जितका दूर, तितका स्टँड जास्त डुलतो. कॅसिओवर बोटे पडतात, ऑक्टोपॅडवर काठ्या पडतात. एकाचा स्टँड दुसऱ्याला चालेलच असे नाही.

तेव्हा स्टँड घेताना काय पाहावे, ते मी काही जाणत्या वादकांशी आणि आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याशी बोलून येथे मांडतो.

पहिले म्हणजे बूड रुंद हवे. तीन पायांचा स्टँड असेल तर पाय पूर्ण फाकतात का ते पाहावे, आणि मांडताना एक पाय वादकाच्या दिशेने ठेवावा. पॅड वादकाकडे कललेला असतो आणि तोल जाण्याची भीती त्याच बाजूला जास्त. पायांना जाड रबरी टोप्या हव्यात. लाकडी फळ्यांच्या मंचावर खाली सतरंजीचा किंवा रबरी चटईचा तुकडा टाकावा.

दुसरे म्हणजे नळी. आतली नळी बाहेरच्या नळीत खडखडत असेल तर तो स्टँड दुकानातच सोडावा. उंची वाढवताना आतली नळी शेवटच्या टोकापर्यंत ओढू नये, निदान वीतभर आत राहू द्यावी. कसायचा स्क्रू धातूचा आणि हाताला भरीव लागणारा असावा. आटे झिजलेला स्क्रू कितीही आवळला तरी कार्यक्रमाच्या मध्यात सैल होतो.

तिसरे, ऑक्टोपॅड स्टँडच्या पट्टीवर स्क्रूने बसवावा. सुतळी, चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबची रबरे हे उपाय घाईच्या वेळेचे, कायमचे नव्हेत. मात्र वाद्याच्या तळाला जे स्क्रू असतात तेच वापरावेत. जास्त लांबीचा स्क्रू आत शिरून यंत्र बिघडवू शकतो.

चौथे, दुकानातच परीक्षा घ्यावी. ऑक्टोपॅड चढवून नेहमीच्या उंचीवर आणावा आणि कोपऱ्यातल्या पॅडवर पाच मिनिटे द्रुत लयीत वाजवावे. स्टँड सरकला, डुलला किंवा शेजारचा पॅड आपोआप वाजला तर दुसरा दाखवायला सांगावे. दुकानदार तोंड वाकडे करील. करू द्यावे. मनगट आपले आहे.

आता उंचीचे. हे खास माझ्या खात्यातले आहे. सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा, कोपरे अंगाजवळ ठेवून हात काटकोनात वाकवा. पॅडची पातळी कोपरापेक्षा सुमारे चार बोटे खाली असावी आणि पॅड आपल्याकडे किंचित कललेला असावा, म्हणजे मनगट सरळ रेषेत राहते. स्टँड फार उंच असेल तर खांदे चढतात, फार खाली असेल तर मान आणि कंबर वाकते. बसून वाजवणाऱ्यांनी हेच माप बसून घ्यावे. पार्टीत दोघेजण आलटून पालटून वाजवत असतील तर प्रत्येकाने आपल्या उंचीची खूण नळीवर रंगाने करून ठेवावी. उभ्याने पेडल मारणाऱ्याचा सगळा भार एकाच पायावर पडतो. त्याने शक्य तेथे उंच स्टुलावर टेकावे, निदान दोन गाण्यांच्या मध्ये पाय मोकळे करावेत. आणि आवाज वाढवायचा तर बटण फिरवून वाढवावा, मनगटाने नव्हे.

मिरवणुकीत, ट्रॉलीवर उभे राहून वाजवताना तर स्टँड कठड्याला घट्ट बांधलाच पाहिजे. खड्ड्यात चाक गेले की वादक आधी वाद्य सावरायला धावतो आणि स्वतः पडतो.

कोणी म्हणेल, मजबूत स्टँड जड असतो, टेम्पोत चढवायचा कोणी? आक्षेप खरा आहे. पण चढवणे-उतरवणे दिवसातून दोनदा, तेही दोघांनी मिळून करता येते. डगमगता स्टँड मात्र एकट्या वादकाला प्रत्येक ठोक्याला सोसावा लागतो. दुसरा आक्षेप पैशाचा. वाद्यासाठी हजारो रुपये मोजणारी मंडळी स्टँडपाशी येऊन हात आखडता घेतात, कारण तो मंचावर झाकलेला असतो, कोणाला दिसत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की पार्टीच्या मालकाने वाद्याबरोबरच चांगल्या स्टँडचे पैसे धरावेत आणि हा खर्च वादकाच्या मानधनातून कापू नये. सुपारी सगळ्यांची असते, दुखणे मात्र एकट्याचे ठरते.

एवढे करूनही दुखू लागले तर? आपल्याकडची रीत म्हणजे गोळी खायची, फवारा मारायचा आणि वाजवत राहायचे. ही रीत घातक आहे. गोळीने कळ दबते, सूज देणारे काम मात्र चालूच राहते. वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय करतात तो वेगळाच. सुजलेल्या स्नायुबंधावर जोरजोराने चोळूनही घेऊ नये. विश्रांती द्यावी, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि आठवड्यात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, रात्री बधिरपणाने जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर मनगटात शीर दबली असण्याची शक्यता असते. मधुमेह किंवा थायरॉईडचा आजार असणाऱ्यांत हे अधिक आढळते. त्यांनी दिवस दवडू नयेत.

आता त्या मुलाचे सांगतो. त्याच्या मनगटाला चार आठवडे पट्टी बांधली आणि वाजवणे बंद करायला लावले. तेवढ्यात ठरलेल्या पाच सुपाऱ्या गेल्या. घरात त्याची मिळकत धरून हिशेब होत असे, तेव्हा तो महिना त्यांना जड गेला. नंतर पार्टीने वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी नळीचा, चार पायांचा स्टँड करून घेतला. संवेदनशीलता पूर्ववत केली, ठोका हलका झाला. गुण विश्रांतीने किती आणि स्टँडने किती, याची वाटणी मी करू शकत नाही. पण पुढच्या गणेशोत्सवात तो दहाही दिवस वाजवत होता आणि त्याचे खांदे खाली होते, एवढे मी स्वतः पाहिले.

त्या पाच सुपाऱ्यांच्या पैशांत असे दोन स्टँड सहज झाले असते, हे त्यानेच मला नंतर सांगितले. आपल्या घरात, मंडळात कोणी ऑक्टोपॅड वाजवत असेल तर आज संध्याकाळी त्याचा स्टँड एकदा हाताने धरून हलवून पाहा. हलला, तर पुढच्या सुपारीआधी तो बदला.