चिठ्ठी

आमच्या घराण्यात शास्त्राकडे कोणी फिरकलेले नाही. मी स्वतः झुरळ कापावे लागेल या धास्तीने अकरावीला आर्ट्स घेतले आणि पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. अशा घरातली माझी भाची कॅलिफोर्नियात दहावीत आहे. तिच्या वर्गात डुकराचे न जन्मलेले पिल्लू कापायचे ठरले आणि एका शनिवारी रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला.

"दादा, मी चिठ्ठी लिहून ठेवली आहे, आणि ही न्यायला तयार नाही. तू समजाव तिला."

चिठ्ठीची भानगड अशी. प्राणी कापणे ज्या मुलाच्या मनाला पटत नाही त्याने तसे सांगावे, पालकांची चिठ्ठी आणावी, आणि शिक्षकाला शक्य असेल तर त्याने दुसरे काम द्यावे, असा कायदा तिकडे १९८८ साली झाला. (आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतली विच्छेदने बंदच करायला लावली, तेव्हा चिठ्ठीचा प्रश्न उरला नाही.)

भाचीने फोन ओढून घेतला. "मामा, ती पिल्लं कोणी त्यासाठी मारत नाही. मांसासाठी डुकरिणी कापतात, त्यांतल्या काही गाभण निघतात."

"म्हणजे आईसकट!" मागून बहिणीचा आवाज आला.

मी गप्प बसलो. आमच्या घरी सुरमई आवडीने खातात, त्यामुळे भूतदयेवर मला फार ताणून बोलता येईना. मी आपले विचारले, "अग, पण तुला एवढी हौस का?"

मग खरे कारण बाहेर आले. तिचा धाकटा भाऊ सातव्या महिन्यात जन्मला. पोटातल्या बाळाची फुप्फुसे काम करीत नाहीत, म्हणून हृदयाजवळ एक आखूड नळी असते. फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त ती परस्पर महारोहिणीत सोडते. जन्मानंतर दोनतीन दिवसांत ती मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कधी कधी मिटत नाही. आमच्या बाळाची मिटली नाही, औषधानेही भागले नाही, आणि त्याच्या डाव्या कुशीत टाके पडले. आता तो नऊ वर्षांचा आहे आणि शेजाऱ्यांच्या काचा फोडतो.

"सगळे कुजबुजत होते, मामा, आणि मला चित्रं काढायला बसवलं होतं. मला ती नळी बघायची आहे."

बहीण काही बोलली नाही. चिठ्ठी शाळेत गेली नाही.

पुढचे तीन शनिवार मला वृत्तान्त मिळत गेला. सुरीपेक्षा कात्री आणि बोथट सळईच जास्त लागते. डुकरिणीचे दिवस सुमारे ११४, आणि त्यातल्या शेवटच्या दिवसांतले पिल्लू हातभरही नसते. रोहिण्यांत तांबडे रबर भरलेले, नीलांत निळे. नाळ आडवी कापली की तीन तोंडे दिसतात: दोन रोहिण्या, एक नीला, आणि आईकडचे शुद्ध रक्त आणते ती निळीच! आम्ही मराठीची मंडळी व्याख्यानांत मातीशी नाळ जोडत असतो. तिच्यात तीन नळ्या असतात हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. यकृताने निम्मे पोट व्यापलेले. फुप्फुसे एवढीशी, घट्ट, कधी श्वास न घेतलेली. मोठे आतडे चकलीसारखे वळलेले.

"यंदा चकली खाऊ देणार आहेस की नाही?" बहीण म्हणाली. ती ऐकत होती, हे मला तेव्हा कळले.

तिसऱ्या शनिवारी नळी सापडली. नखाएवढी लांब, आगकाडीपेक्षा जाड. भाचीने बाईंना विचारून फोटो काढला आणि आईपुढे धरला. फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग बहिणीने विचारले, "एवढीशी?"

"त्याची याहून लहान असेल, आई."

मग तिने अंगणातून मुलाला हाक मारली, सदरा वर करायला लावला, आणि तो "आई, थंडी वाजते" म्हणून ओरडू लागला तरी त्याला सोडीना.

फोटो मलाही आला आहे. मी तो अजून उघडलेला नाही.