पट्टीच्या वाचकाची तक्रार

भरपूर वाचणाऱ्या माणसाला काहीही चालतं, असा एक समज आहे. भेळेचा कागदसुद्धा तो वाचून टाकतो, असं कौतुकानं सांगितलं जातं आणि ते खरंही असतं. पण तोच माणूस पुस्तक विकत घेताना दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो, ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक पंचवीस पानांनंतर परत करतो, आवडत्या पुस्तकाची नवी आवृत्ती उलटसुलट करून पाहतो आणि जुनीच बरी होती म्हणत खाली ठेवतो. घरचे याला खोड म्हणतात. प्रकाशनाच्या धंद्यात याला किरकिर म्हणतात. प्रत्यक्षात मराठी पुस्तकांचा दर्जा टिकायचा असेल तर तो याच किरकिऱ्या वाचकामुळे टिकेल, आणि नेमकं त्यालाच कुणी काही विचारत नाही.

वाचायची प्रत्येकाची रीत वेगळी. दामोदर कोसंबी पुण्याहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचे ते डेक्कन क्वीननं, आणि गाडीतला तो वेळ त्यांच्या वाचनाचा असे. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून वाचत राहिल्या. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात पुस्तकं मागवून घेतली आणि तिथेच पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ साली छापून निघालं. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना जुनी पुस्तकं जमवली, त्यातली बरीचशी पहिल्या महायुद्धात बोटीबरोबर बुडाली, तरी त्यांनी पुन्हा जमवायला घेतली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते या संग्रहाला जागा हवी म्हणूनच.

ही मोठी माणसं, पण त्यांच्या सवयी साध्या घरांतही भेटतात. कसारा किंवा कर्जत लोकलला पिशवीत एक हलकं पुस्तक असतं, उशाशी एक जाडजूड असतं, आणि जेवताना वाचायला तिसरंच. खूण म्हणून रेल्वेचं तिकीट किंवा विजेचं बिल चालतं, पानाचा कोपरा दुमडलेला मात्र चालत नाही. विकत घेतलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव, तारीख आणि गाव लिहायचं. वर्षांनंतर ते पान उघडलं की अप्पा बळवंत चौकातलं दुकान किंवा फाउंटनचा पदपथ आठवतो. पुस्तक उसनं द्यायचं तर वहीत नोंद करून द्यायचं, आणि ते परत आलं नाही तर त्या माणसाशी संबंध थोडा पातळ होतो, हेही खरं.

अशा वाचकाला पुस्तकात सगळ्यांत आधी काय बघायचं असतं? मुखपृष्ठ उलटल्यावर येणारं ते बारीक अक्षरांचं पान. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, आणि त्यातही पहिली आवृत्ती कधीची. कित्येक मराठी पुस्तकांत नेमकं हेच पान दगा देतं. ‘नवी आवृत्ती’ असं छापलेलं असतं, पण पहिली कधी निघाली त्याचा पत्ता नाही. पुनर्मुद्रणाला आवृत्ती म्हणायची सवय तर इतकी रुळली आहे की ‘बारावी आवृत्ती’ वाचून मजकुरात काही बदललं आहे का, हे कळायला मार्ग नसतो. वाचकाच्या दृष्टीनं ही मोठी अडचण आहे.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घ्या. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि मायदेशी परतणारा एक मराठी तरुण. ही कादंबरी १९३९ सालची आहे. युद्ध संपल्यावर, सगळं उघड झाल्यावर ती लिहिली गेली असती तर आपण ती एका तऱ्हेनं वाचली असती. १९३९ हा आकडा दिसला की कळतं, पुढे छळछावण्यांत काय होणार आहे ते लेखकाला ठाऊक नव्हतं. वाचकाला ते ठाऊक असतं. बोटीवरच्या साध्या संभाषणांनाही त्यामुळे भलतंच वजन येतं. एका सालानं पुस्तक इतकं बदलतं, आणि ते साल छापायला प्रकाशकाला एक ओळही पुरते.

साल कळलं तरी हातात आलेला मजकूर पुरा आहे ना, हा प्रश्न उरतोच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत निघाली. पुढे तिच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या. संक्षेपाला हरकत नाही, शाळकरी मुलांच्या हाती हे पुस्तक त्यामुळेच पडलं. पण सबंध पुस्तक वाचल्याच्या समजुतीत कुणी आयुष्यभर राहू नये. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईनं एवढं मोठं पुस्तक लिहिलं. त्यातलं काय गाळलं आणि कुणी गाळलं, हे पहिल्याच पानावर ठळक छापणं तिच्याबद्दलच्या आदराचा भाग आहे.

अनुवादांत तर याहून दाट धुकं असतं. मूळ पुस्तकाचं नाव, मूळ भाषा आणि अनुवाद कोणत्या भाषेतून केला, या तिन्ही गोष्टी छापलेल्या पुस्तकासाठी पट्टीचा वाचक आनंदानं पन्नास रुपये जास्त मोजेल. रशियन, स्पॅनिश, जपानी कादंबरी मराठीत येते ती बहुतेक इंग्रजीवरून येते. त्यात काही कमीपणा नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांना दिला, त्या उपकारापुढे मधली वाट कोणती होती हा प्रश्न लहान आहे. लपवाछपवी मात्र खटकते. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर न घालणं त्याहून खटकतं.

मलपृष्ठावर अख्खं कथानक सांगून टाकणारा मजकूर हा आणखी एक राग. कादंबरीतला मृत्यू, लग्न, फसवणूक, सगळं आठ ओळींत. कादंबऱ्यांच्या प्रस्तावनाही यात मागे नाहीत. मराठीत प्रस्तावनेची परंपरा थोर आहे. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या प्रस्तावना इतक्या भरीव की त्यांचं वेगळं पुस्तक निघालं. इतिहासाच्या साधनांना अशी प्रस्तावना हवीच. पण कादंबरीची चिकित्सा करायची तर शेवट सांगावा लागतो, आणि म्हणून तिची जागा पुस्तकाच्या शेवटी आहे. जाणते वाचक आज स्वतःच हा क्रम पाळतात, आधी कादंबरी आणि मग प्रस्तावना. नव्या वाचकाला ही युक्ती माहीत नसते. त्याच्या हातून पहिल्या वाचनाचा आनंद जातो, आणि तो पुन्हा मिळत नाही.

आता मुख्य तक्रार. सूची.

पाचशे पानांचं आत्मचरित्र आहे. लेखक पन्नास वर्षं सार्वजनिक जीवनात वावरलेला, त्यामुळे पानोपानी माणसं, गावं, संस्था, खटले, संमेलनं. दोन वर्षांपूर्वी वाचलं तेव्हा त्यात सातारच्या एका सभेचा प्रसंग होता, तो आज पुन्हा हवा आहे. वाचक पुस्तक काढतो आणि शेवटची पानं उघडतो. तिथे त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात असते. मग अनुक्रमणिका. प्रकरणांची नावं ‘वादळवाट’, ‘नवी क्षितिजं’ अशी काव्यमय, त्यांतून काही बोध होत नाही. मग अंदाजानं मधलं कुठलं तरी पान, तिथून मागे, तिथून पुढे. तासाभरानं एक तर प्रसंग सापडतो किंवा आपल्याच आठवणीवरचा विश्वास उडतो. मराठीतली असंख्य चरित्रं, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, इतिहासाची आणि संगीताची पुस्तकं अशी मुकी पडून आहेत. त्यांत माहितीचं भांडार आहे, पण तिथवर पोचायला दार नाही.

आपल्याकडे सूचीचं काम कधी झालंच नाही असं असतं, तर समजून घेता आलं असतं. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि मग १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा दुसरा भाग केला. छापील मराठीच्या दीडशे वर्षांचा असा हिशेब त्यांनी संगणकाशिवाय, हातानं नोंदी करत मांडला. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’सारखं अवाढव्य काम उभं केलं आणि त्याला वेगळा सूचीखंड जोडला. शंभर वर्षांपूर्वी, पैशांची सतत ओढाताण असताना हे सुचलं आणि जमलं. आज पानं संगणकावर जुळवली जातात. शब्दांना खुणा केल्या की पृष्ठांक जुळणीच्या सॉफ्टवेअरमधूनच मिळतात. निवड मात्र माणसानंच करायची असते. कोणती नावं घ्यायची, ‘गोखले’ म्हणजे कोणते गोखले, एकच बाई माहेरच्या आणि सासरच्या नावानं आली असेल तर नोंद कुठे करायची, याला जाणकार लागतो आणि त्याला मानधन द्यावं लागतं. आठ-दहा पानं वाढतात, म्हणजे सोळापानी एक फॉर्मासुद्धा नाही. खर्च परवडत नाही ही सबब चारशे-पाचशे रुपये किमतीच्या पुस्तकाला शोभत नाही.

मुद्रितशोधनाबद्दल थोडक्यात, कारण ते दुखणं सगळ्यांना माहीत आहे. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांत न उच्चारले जाणारे अनुस्वार असायचे. नव्या छपाईत ते काढले तरी चालेल, पण काढले आहेत असं सांगावं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना होणारी मोडतोड मात्र अक्षम्य आहे. ‘तऱ्हा’चं ‘तर्हा’ होतं, ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ होतं, आणि नामवंत लेखकाच्या गाजलेल्या पुस्तकात तीनशे पानं हेच चालतं. मशीननं केलेलं एकदा माणसानं वाचलं असतं तर हे टळलं असतं.

वाचकांच्याही तक्रारी वाचकांबद्दल आहेत. ग्रंथालयाच्या पुस्तकात बॉलपेननं रेघा ओढणारे, समासात ‘छान’ आणि ‘चूक’ लिहिणारे, रहस्यकथेच्या तिसऱ्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारे. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांवर रहस्यकथा एके काळी हातोहात फिरल्या, आणि शेवटचं पान नसलेली प्रत हाती येणं हे तेव्हाच्या पिढीचं ठसठसतं दुःख होतं. स्वतःच्या प्रतीत पेन्सिलीनं लिहावं, जरूर लिहावं. सामायिक पुस्तकावर आपला शेरा लादू नये.

ग्रंथालयांची बांधणी हाही दुखरा विषय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. अशा संस्थांनी सव्वाशे वर्षं मराठी वाचक पोसला, त्यांचं ऋण फेडता येणारं नाही. पण गावोगावच्या ग्रंथालयांत जुनं पुस्तक बांधायला जातं तेव्हा बायंडर मूळ कव्हर काढून टाकतो, तिन्ही बाजू मशीनवर छाटतो आणि पाठीकडून भोकं पाडून दोरा ओवतो. छाटणीत पृष्ठांक जातात. आतल्या बाजूची अक्षरं शिलाईत गडप होतात आणि प्रत्येक ओळीचा एक टोकाचा शब्द अंदाजानं वाचावा लागतो. दोन्ही हातांनी दाबून धरल्याशिवाय पुस्तक उघडं राहत नाही, म्हणजे जेवताना वाचायची सोयच संपली. आणि बांधताना फाटकी म्हणून टाकून दिलेल्या पहिल्या दोन पानांत ते प्रकाशनाचं साल असतं. मूळ कव्हर आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवून द्या, समास सोडून शिवा, पहिली पानं ठेवा, एवढ्या तीन सूचना बायंडरला लेखी दिल्या तरी खूप वाचेल.

१५ ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव झालं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. वाचा, वाचा, असं सांगणाऱ्या या सगळ्या उपक्रमांचं स्वागतच आहे. जो आधीपासून वाचतो आहे, त्याला चांगलं घडवलेलं पुस्तक मिळेल याची तजवीजही सरकारला करता येईल, आणि त्यासाठी नवी योजना काढावी लागणार नाही. १९६७ च्या कायद्याखालची राज्यातली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं अनुदानातून पुस्तकं घेतात. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. त्या यादीत येण्यासाठी दोन अटी घालाव्यात. पहिली, प्रत्येक पुस्तकावर पहिल्या आवृत्तीचं साल, पुनर्मुद्रणांची सालं, संक्षेप किंवा बदल असल्यास तसा उल्लेख, आणि अनुवाद असल्यास मूळ नाव व भाषा. दुसरी, चरित्र, आत्मचरित्र, इतिहास आणि संदर्भग्रंथ यांना सूची. कथा, कादंबरी, कविता यांना दुसरी अट लावायचं कारण नाही. राज्य वाङ्मय पुरस्कारांच्या परीक्षकांनीही वैचारिक पुस्तकं तपासताना शेवटची दहा पानं आधी उघडावीत. प्रकाशकांना तयारीसाठी वर्षभराची मुदत द्यावी, आणि छोट्या प्रकाशकांना सूचीकाराच्या मानधनापुरतं अनुदान द्यावं.