विश्लेषण : ‘रक्ताभिसरण वाढवणारी’ पूरके धावपटूंचा दमसास खरंच वाढवतात का?

मुंबई मॅरेथॉन दरवर्षी जानेवारीत होते. तिची तयारी सुरू झाली की बुटांच्या बरोबरीने बिटाच्या पावडरीची आणि ‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’चीही चर्चा रंगते. डब्यावर दावा असतो, रक्ताभिसरण सुधारते आणि दमसास वाढतो. यातल्या काही दाव्यांना आधार आहे, काहींना नाही. हृदयरुग्णांसाठी मात्र यातला एखादा डबा जिवावर बेतू शकतो.

नायट्रिक ऑक्साइड काय करते?

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात तयार होणारा हा वायू तिच्या भिंतीतले स्नायू सैल करतो. त्यामुळे वाहिनी रुंदावते आणि रक्तदाब थोडा उतरतो. या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. अनेक घरांत हृदयरुग्णासाठी ठेवलेली, जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेटची गोळीही याच मार्गाने काम करते.

बिटाचा रस कितपत उपयोगी?

बीट, पालक, मुळा यांत नायट्रेट भरपूर असते. तोंडातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि शरीर त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते. जंतुनाशक माउथवॉशने चूळ भरली की हे जिवाणूच मरतात आणि रसाचा परिणाम बराच घटतो.

इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये आठ पुरुषांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बिटाचा रस दिला. जोरदार सायकलिंगमध्ये थकून थांबेपर्यंतचा त्यांचा वेळ सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. जाहिरातींना हाच आकडा आवडतो. पण ही वाढ थकेपर्यंतच्या वेळेतली आहे. शर्यतीच्या वेळेत पडणारा फरक त्याहून फारच लहान असतो. शिवाय मुळातच कसलेल्या धावपटूंना फायदा कमी होतो किंवा दिसतही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या तज्ज्ञ निवेदनात कॅफिन, क्रिएटिन यांच्याबरोबर नायट्रेटचा समावेश आहे. त्यात सुचवलेली मात्रा स्पर्धेच्या दोन-तीन तास आधी ३१० ते ५६० मिलिग्रॅम आहे. कित्येक डब्यांवर नायट्रेट किती, हे छापलेलेच नसते. बीट उकडून पाणी फेकले, तर नायट्रेटचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. किडनी स्टोनचा त्रास असलेल्यांनी रोज रस पिण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे, कारण बिटात ऑक्सॅलेटही खूप असते.

आर्जिनिनचे काय?

शरीर आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवते, म्हणून ते खाल्ले की काम झाले, असा सरळ हिशोब मांडला जातो. प्रत्यक्षात तोंडावाटे घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा भाग आतडे आणि यकृतातच मोडतो. निरोगी खेळाडूंमध्ये त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. अमेरिकेत नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. हे निष्कर्ष २००६ मध्येच प्रसिद्ध झाले, तरी ‘हृदयासाठी उत्तम’ म्हणून आर्जिनिन आजही विकले जाते.

नियम काय सांगतात?

भारतात अशी उत्पादने औषध कायद्याखाली नव्हे, तर एफएसएसएआयच्या अन्न नियमांखाली येतात. ‘औषध म्हणून वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे. ती बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडते. परवाना क्रमांक म्हणजे गुणकारी असल्याचा दाखला नव्हे.

भेसळीचा धोका वेगळाच. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेआधी काही भारतीय खेळाडू मिथाइलहेक्सानामिनसाठी दोषी आढळले होते. व्यायामाच्या पूरकांत सापडणारे हे उत्तेजक रक्तवाहिन्या रुंदावत नाही, उलट आकुंचित करते. उत्तेजक द्रव्यांच्या नियमांनुसार शरीरात काय सापडले याला खेळाडूच जबाबदार असतो. ‘डब्यावर लिहिले नव्हते’ एवढ्यावर सुटका होत नाही.

पुरुषांची ‘ताकद’ वाढवणाऱ्या काही पूरकांत न सांगता मिसळलेले सिल्डेनाफिल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना वारंवार सापडले आहे. सॉर्बिट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते गेले, तर रक्तदाब झपाट्याने कोसळतो. म्हणून अशा रुग्णाने कोणतेही पूरक सुरू करण्याआधी डबाच डॉक्टरांपुढे ठेवावा, आणि चक्कर येऊन रुग्णालयात जावे लागलेच तर काय घेतले होते ते लपवू नये.