फंड माझा, निर्णय कुणाचा?

उमरोळीहून बोईसरकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीत, बायकांच्या डब्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कुणी काम सोडले की बाकीच्या विचारतात, “फंड काढला का गं?” उत्तरही ठरलेले असते. “हो, ह्यांनी काढला.” “भावाने फॉर्म भरला.” “सासऱ्यांनी घराच्या स्लॅबला लावला.” दिवसभर उभे राहून औषधाच्या बाटल्या खोक्यात भरल्या बाईने, पगारातून पैसे कापले गेले बाईच्या, आणि फंड मात्र ‘ह्यांनी’ काढला! मैत्रिणींनो, या एका वाक्याशी माझे भांडण आहे.

आधी माझीच गोष्ट सांगते. 1996 साली तारापूरच्या एम.आय.डी.सी.त एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला लागले. सहा वर्षे काम केले. 2002 मध्ये लग्न ठरले आणि काम सुटले. ‘सोडले’ म्हणत नाही, ‘सुटले’ म्हणते. कारण मला कुणी विचारलेच नव्हते. एका संध्याकाळी आप्पांनी दोन फॉर्म समोर ठेवले. जिथे पेन्सिलने फुली मारली होती तिथे मी सह्या केल्या. फॉर्म कोरे होते. पुढे फंड आणि पेन्शन मिळून तीसेक हजार रुपये आले असे आईकडून कळले. त्यातून मांडव झाला, भांडी झाली, जावयाची अंगठी झाली. म्हणजे माझा हुंडा मीच कमावून ठेवला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! आप्पा वाईट नव्हते. लेकीच्या लग्नात लेकीचा पैसा लावला, यात काही चुकले असे त्यांना मरेपर्यंत वाटले नाही. वाईट माणसाशी भांडता येते, चांगल्या बापाशी कसे भांडायचे, हीच तर आपली अडचण आहे.

यात आप्पांना सरकारचीही साथ होती. भविष्यनिर्वाह निधीच्या 1952 च्या योजनेत काम सुटल्यावर फंड काढायचा तर दोन महिने थांबण्याची अट होती. त्या अटीतून एका सभासदाला सूट होती: लग्न करण्यासाठी राजीनामा देणाऱ्या स्त्रीला. पुरुष लग्नासाठी नोकरी सोडील, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नाही. बाई मात्र सोडणारच आणि तिला, म्हणजे तिच्या बापाला, पैसा ताबडतोब लागणारच, हे त्यांनी गृहीत धरले. नोकरीत असताना लग्नासाठी उचल घेण्याच्या नियमात तर स्वतःच्या, मुलामुलीच्या आणि बहिणीच्या लग्नाबरोबर भावाचे लग्नही बसवले होते. कागदावर ही सोय भावाबहिणीला सारखीच. पण बहिणीच्या फंडातून भावाची वरात किती वेळा निघाली आणि भावाच्या फंडातून बहिणीचे शिक्षण किती वेळा झाले, याचा हिशेब आपापल्या वाडीत करून पाहा.

आता फंड म्हणजे काय ते सरळ भाषेत मांडते, कारण न कळण्यातच लूट असते. मूळ पगाराचे आणि महागाई भत्त्याचे 12 टक्के आपल्याकडून कापले जातात. तेवढेच मालक भरतो. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात आणि उरलेले 3.67 टक्के आपल्या फंडात. म्हणजे एका चुलीवर दोन भांडी आहेत. एक फंडाचे, त्यात व्याज मिळते, 2024-25 साठी ते 8.25 टक्के होते. दुसरे पेन्शनचे, त्यात व्याज नसते, तिथे वर्षे साठतात. एकूण दहा वर्षांची नोकरी भरली की वयाच्या 58 व्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन. दहा भरली नाहीत तर पेन्शन नाही, हातात थोडी रक्कम देऊन बोळवण.

ही दहा वर्षांची अट वरून बाईपुरुषाला सारखीच दिसते. पण बाईची नोकरी कशी असते? लग्नापर्यंत पाच-सहा वर्षे. मग बाळंतपणे. मग मूल शाळेत गेले की पुन्हा कामावर. मग सासू अंथरुणाला खिळली की पुन्हा घरी. पुरुषाची नोकरी सरळ दोरीसारखी असेल, आपली जागोजागी तुटलेली असते. आणि प्रत्येक तुटीच्या वेळी घरातले कुणीतरी फॉर्म आणते: “पैसे पडून काय करायचेत?” फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसे काढले की तोवरची वर्षे पुसली जातात. पुन्हा पाटी कोरी. अशी बाई तीन वेळा मिळून सोळा वर्षे राबते आणि 58 व्या वर्षी तिच्या नावावर काहीच नसते.

त्याच फॉर्म 10-सी मध्ये दुसरा पर्यायही असतो: पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट मागायचे. म्हणजे झालेल्या नोकरीचा दाखला. पुढे पुन्हा काम मिळाले की जुनी वर्षे नव्या वर्षांत मिळतात. 2002 मध्ये हे मला कुणी सांगितले नाही. कारखान्यातल्या बाबूने नाही, पी.एफ. ऑफिसने नाही, युनियनच्या भाऊंनीही नाही.

2010 मध्ये मी पुन्हा कामावर गेले, या वेळी ठेकेदाराकडे. सात वर्षे केली. 2017 मध्ये सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि घरात एकमताने ठरले की काम मी सोडायचे. एकमत म्हणजे माझ्याशिवाय बाकी सगळ्यांचे मत. आठच दिवसांत फंडाची गोष्ट निघाली. ह्यांना टेम्पो घ्यायचा होता, पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडत होते. मी म्हटले, “फंड काढणार नाही. सर्टिफिकेट घेणार.” घरात कुणी माझ्याशी तीन महिने नीट बोलले नाही. जाऊबाई म्हणाल्या, “घरातल्या माणसापुढे पैसा धरून बसलीस, बाईच्या जातीला शोभतं का?” ह्यांनी हात उगारला नाही, पण ताट वाढले की उठून जायचे. हा मारही मारच असतो.

मी डगमगले, खोटे कशाला सांगू? रात्री वाटायचे, देऊन टाकावेत. मग आठवायचे की सासूबाईंच्या औषधाला दर महिन्याला दोन दिरांपुढे हात पसरावा लागतो. त्यांनी आयुष्यभर भातशेतीत चिखल तुडवला, पण त्यांच्या नावावर एक पैसा नव्हता. त्यांचे अंग पुसताना मी माझे म्हातारपण बघत होते. मी फंड काढला नाही. नोकरी सुटली तरी 58 वर्षांपर्यंत त्यावर व्याज मिळते, हे मी तोवर विचारून घेतले होते.

2022 मध्ये मी पुन्हा कामाला लागले आणि 2025 मध्ये माझी दहा वर्षे भरली. आता गणित ऐका. पेन्शनचा हिशेब असा: शेवटच्या पाच वर्षांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. पगार 12,000 धरला तर दहा वर्षांचे होतात महिन्याला सुमारे 1,714 रुपये. लग्नात गेलेली ती सहा वर्षे शिल्लक असती तर सोळा वर्षांचे झाले असते सुमारे 2,743. म्हणजे माझ्या लग्नाचा मांडव मला महिन्याला हजार रुपयांना पडला, आणि तो मरेपर्यंत पडत राहणार. आणि 2017 ला मी मान हलवली असती तर? हातात तीन वर्षे, पेन्शन शून्य.

इथे कुणी म्हणेल, मग काढायचाच नाही का फंड? कर्ज डोक्यावर असेल, मूल आजारी असेल, नवऱ्याने टाकले असेल तरी? मी असे मुळीच म्हणत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सरकारने फंडातून उचल घ्यायला परवानगी दिली तेव्हा मीही घेतली. घरात तांदूळ नव्हते. भुकेल्या बाईला म्हातारपणाचे प्रवचन देणे हा शहाणपणा नव्हे, निर्दयपणा आहे. प्रश्न काढायचा की ठेवायचा एवढाच नाही. ठरवणार कोण, हा प्रश्न आहे.

म्हणून सरकार कुलूप लावू लागते तेव्हाही मी गप्प बसत नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने फर्मान काढले की मालकाचा वाटा 58 वर्षांपर्यंत काढता येणार नाही. 18 आणि 19 एप्रिलला बंगळूरच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या हजारो कामगार रस्त्यावर उतरल्या, बहुतेक साऱ्या बायाच. कुठल्या मोठ्या पुढाऱ्याने त्यांना हाक दिली नव्हती. त्यांनी हमरस्ते अडवले, लाठ्या खाल्ल्या, आणि 19 एप्रिललाच सरकारने तो हुकूम मागे घेतला. आता 13 ऑक्टोबर 2025 ला भविष्यनिर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले की अधूनमधून पैसे काढणे सोपे करायचे, पण चौथा हिस्सा खात्यात राखायचा. काम सुटल्यावर सगळा फंड काढायला दोनऐवजी बारा महिने आणि पेन्शनचे पैसे काढायला दोनऐवजी छत्तीस महिने थांबायचे. आपल्यातल्या काही कार्यकर्त्या म्हणतात, बरे झाले, निदान भावाच्या हाती तरी लागणार नाही. मला हे पटत नाही. तिजोरीला धोका घरच्यांचा आहे आणि तुम्ही किल्ली काढून घेता तिजोरीच्या मालकिणीकडून! हा कुठला न्याय? बाईला तिच्या स्वतःपासून वाचवू नका. तिच्या फंडावर डोळा ठेवणाऱ्यांपासून तिला वाचवा.

कायद्यात आपल्या बाजूचे बरेच आहे, आपणच ते वाचत नाही. सभासदाच्या कर्जापोटी फंडावर कोर्टाचीही जप्ती येत नाही. कोर्टाला जे करता येत नाही ते दीर चहाच्या कपावर करून टाकतो! 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बाईने स्वतःच्या कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही छळच मानला आहे. आणि एक गोष्ट टाकलेल्या बायांनी कानात साठवून ठेवावी: फंडाच्या 1952 च्या योजनेत स्त्री सभासदाला लेखी कळवून नवऱ्याला आपल्या ‘कुटुंबा’तून वगळण्याचा हक्क दिला आहे. शिवाय लग्नापूर्वी केलेले वारस-नामांकन लग्नानंतर रद्द होते, नवे भरावे लागते. आपल्यापैकी किती जणींनी भरले आहे?

कागदाचे हे असे, आणि मोबाइलचे आणखी वेगळे. पूर्वी कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायचे, आता ओ.टी.पी. घेतात. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. ओ.टी.पी. त्याच्या खिशात वाजतो, पैसे निघतात आणि बाईला महिन्याने कळते. दुसरीकडे जिला स्वतःला काढायचे आहेत तिचा अर्ज परत येतो. कारण फंडात नाव माहेरचे आणि आधारवर सासरचे. लग्नात नाव बदलायला लावले समाजाने आणि दंड भरायचा बाईने! ठेकेदार बदलला की नवा नंबर, जुन्या खात्याचा पत्ता नाही. ठेकेदार पळाला तरी त्याच्या कामगारांचा फंड भरायची जबाबदारी मूळ मालकाची असते, हेही कुणी सांगत नाही.

आता थोडे आपल्याच संघटनांविषयी. हुंडा, मारहाण, समान वेतन, बाळंतपणाची रजा यांवर आपण मोर्चे काढले, शिबिरे घेतली. पण बैठकीत आलेल्या कामगार बाईला “तुझ्या फंडाचे काय झाले?” असे आपण विचारतो का? बचत गटातल्या शंभर रुपयांचा हिशेब चोख ठेवतो आणि तिच्या दहा वर्षांच्या घामाचा हिशेब घरातल्या पुरुषावर सोडून देतो. पैशाचे कागद म्हणजे पुरुषांचे काम, हे आपल्याही मनात कुठेतरी रुतून बसले आहे. ते उपटून काढायला हवे.

सुरुवात सोपी आहे. उमरोळीत आम्ही महिन्यातून एका रविवारी फक्त याच कामासाठी बसतो. प्रत्येकीने आपला मोबाइल नंबर आधारला आणि फंडाला जोडायचा, स्वतःच्या एकटीच्या नावाचे बँक खाते द्यायचे, नावातला फरक काम चालू असतानाच दुरुस्त करून घ्यायचा, नामांकन भरायचे आणि पासबुक स्वतः वाचायचे. काम सुटले तर फॉर्मला हात लावण्याआधी त्या दिवशीचा नियम ऑफिसातून विचारून घ्यायचा आणि आधी वर्षे मोजायची, मग रुपये. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि ओ.टी.पी. कुणालाही नाही. बापालासुद्धा नाही.

सरकारकडेही मागणे आहेच. 2014 मध्ये किमान पेन्शन महिन्याला 1,000 रुपये ठरवली आणि पुढची अकरा वर्षे ती तिथेच राहिली. हजार रुपयांत म्हातारीने औषध घ्यायचे की जेवायचे? मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी घरी बसावे लागलेली वर्षे नोकरीत धरा, ही मागणी आज कुणाला हास्यास्पद वाटेल. बाळंतपणाची पगारी रजाही एके काळी हास्यास्पदच वाटत होती.

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी आली. चोवीस वर्षांची, पाच वर्षे कामाला, लग्न ठरलेले. तिचा भाऊ बाहेर मोटरसायकलवर थांबला होता. म्हणाली, “मावशी, दादा म्हणतोय फंडाचा ओ.टी.पी. दे.” मी तिला काय कर ते सांगितले नाही. माझी सहा वर्षे आणि महिन्याचे हजार रुपये, एवढे गणित तिच्या वहीत तिच्याच हाताने मांडायला लावले. ती बराच वेळ आकड्यांकडे बघत बसली. मग फोन बंद करून पिशवीत टाकला आणि बाहेर जाऊन भावाला म्हणाली, “तू जा पुढे. मी ठरवून सांगते.”

‘मी ठरवून सांगते.’ बायांनो, एवढेच तर म्हणायला शिकायचे आहे.