‘नैसर्गिक’ या शब्दाची किंमत

कोणत्याही शहरातील, किंबहुना आता तालुक्याच्या गावातीलही, औषधांच्या वा किराणा मालाच्या दुकानात गेले तर साबण, शाम्पू, केसांचे तेल आणि चेहऱ्याची क्रीम यांची मांडणी सरळसरळ दोन वर्णांत विभागलेली दिसते. पहिल्या वर्णातील वस्तू नुसत्याच वस्तू असतात. दुसऱ्या वर्णातील वस्तूंच्या वेष्टनावर कोरफडीचे पान, हळकुंड वा कडुलिंबाची डहाळी असते आणि ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘हर्बल’, ‘रसायनविरहित’ यांपैकी एखादा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. या दुसऱ्या वर्णाची किंमत पहिल्याच्या दीडपट, दुप्पट, क्वचित चौपटही असते. ठरावीक पगारात महिना निभावणाऱ्या कुटुंबाने ही जादा रक्कम द्यावी काय, हा प्रश्न त्वचेच्या डॉक्टरांचा आहे असे समजून आपण तो सोडून देतो. वस्तुतः त्यातील निम्मा भाग तरी अर्थशास्त्राचा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. प्रसाधनांचे नियमन आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये आणि त्याखालील २०२० च्या नियमांन्वये होते. घटकद्रव्यांची यादी हवी, परवाना क्रमांक हवा, वापराची मुदत हवी, हे सारे त्यात आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे काय, हे मात्र त्यात कोठेही सांगितलेले नाही. ‘सेंद्रिय’ या शब्दाला अन्नाच्या बाबतीत अर्थ आहे. २०१७ च्या नियमांमुळे सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या वेष्टित डाळतांदळामागे प्रमाणनाची व्यवस्था उभी असते आणि ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह त्यावर असते. पण तीच हळद मसाल्याच्या डब्यातून निघून क्रीमच्या नळीत गेली की हे संरक्षण संपते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही प्रसाधनांपुरती ‘नैसर्गिक’ची व्याख्या केलेली नाही. युरोपातील प्रमाणन संस्थांनी मिळून तयार केलेले ‘कॉसमॉस’ हे मानक त्यातल्या त्यात कडक समजले जाते. त्यानुसारही एखाद्या क्रीमला ‘सेंद्रिय’ म्हणवून घेण्यास एकूण वजनाच्या २० टक्के भाग सेंद्रिय असला की पुरतो. शाम्पूसारख्या धुऊन टाकावयाच्या वस्तूत १० टक्केही चालतो. यात लबाडी नाही. अशा वस्तूंत मुख्यतः पाणी असते आणि पाण्याची काही सेंद्रिय शेती होत नाही. उलट, आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १६१२८ क्रमांकाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पाणी हे नैसर्गिक घटकांत धरले जाते. म्हणजे ज्या शाम्पूत तीन चतुर्थांश पाणी आहे, तो उत्पादकाने इकडची काडी तिकडे न करता पाऊणशे टक्के नैसर्गिक ठरतो!

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटासा निबंध लिहिला. त्याला २००१ साली मिळालेल्या नोबेल पारितोषिकाशी हा निबंध कायमचा जोडला गेला आहे. गाडीतील दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा चांगल्यावाईटाची सरासरी धरून किंमत देऊ करतो. त्या किमतीत उत्तम गाडीच्या मालकास परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि हळूहळू बाजारात टाकाऊ मालच उरतो. प्रसाधनांची अवस्था याहूनही बिकट आहे, कारण जुनी मोटार निदान चार महिन्यांत आपले गुण उधळते. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघांनी १९७३ मध्ये असे दाखवून दिले की वस्तूंचे काही गुण खरेदीपूर्वी तपासता येत नाहीत आणि वापरल्यानंतरही कळत नाहीत. भाजी हातात घेताच कळते, आंबा कापल्यावर कळतो; क्रीममधील कोरफड सेंद्रिय शेतातील होती की नव्हती, हे नळी पिळून संपली तरी कळावयाचे नाही. अशा बाजारात ग्राहक विकत घेतो तो वस्तूबरोबरचा शब्द. आणि तो शब्द छापण्याचा खर्च प्रामाणिक उत्पादकास जेवढा, तेवढाच अप्रामाणिकास.

आता थोडा हिशेब करू. समजा, १०० ग्रॅम क्रीममध्ये २ टक्के हळद आहे, म्हणजे २ ग्रॅम. हळदीचा भाव किलोला ३०० रुपये धरला तर त्या नळीत साठ पैशांची हळद झाली. हीच हळद सेंद्रिय घेतली आणि तिला दुप्पट भाव दिला, तर एक रुपया वीस पैसे. अर्क काढण्याचा खर्च म्हणून हा आकडा आणखी पाचपट करावा. तरी तो सहा रुपयांपलीकडे जात नाही. शेजारच्या साध्या नळीपेक्षा ही नळी दोनशे रुपयांनी महाग असेल, तर उरलेले एकशे चौऱ्याण्णव रुपये हळदीचे खास नव्हेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट; परंतु तिचे चित्र छापून मिळणाऱ्या या दोनशे रुपयांतील किती पैसे सांगलीच्या शेतकऱ्याकडे पोचतात, हे या हिशेबावरून उघड आहे.

मग ते जातात कोठे? काही काचेच्या बाटलीत व पुठ्ठ्याच्या खोक्यात, काही विक्रेत्याच्या दलालीत, आणि फार मोठा भाग जाहिरातीत. ‘मामाअर्थ’ या नाममुद्रेची मालक असलेली होनासा कन्झ्युमर ही कंपनी २०१६ मध्ये स्थापन झाली आणि २०२३ मध्ये भांडवल बाजारात उतरली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आर्थिक तपशिलानुसार २०२२-२३ या वर्षी तिचा जाहिरातीवरील खर्च उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या घरात होता. यात बेकायदेशीर काही नाही, आणि ही एकच कंपनी असे करते असेही नाही. परंतु शंभर रुपयांच्या खरेदीतील तेहतीस रुपये आपण आपलेच मन वळवून घेण्यासाठी मोजतो, हे ग्राहकाने जाणून असावे.

येथे आयुर्वेदाचा विषय अटळपणे येतो, कारण आपल्याकडे ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या पाठीशी परंपरेचे सारे पुण्य उभे असते. कायद्यात आयुर्वेदिक औषधांचे दोन प्रकार आहेत. एक, अधिकृत ग्रंथांत सांगितलेल्या पाठानुसार बनविलेले. दुसरा, ज्याला स्वामित्व औषध म्हणतात, त्यात घटकद्रव्ये ग्रंथोक्त असली की पुरे. त्यांची जुळणी कंपनीची स्वतःची असते. आपण दुकानातून आणतो त्या आयुर्वेदिक क्रीम बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या असतात. तेव्हा त्यातील द्रव्ये चरकाच्या काळची असली, तरी ती कृती परवा-परवाची असू शकते.

उत्पादकांना ‘आयुर्वेदिक’ हा शिक्का इतका प्रिय का, याला श्रद्धेइतकेच करांचेही कारण आहे. प्रसाधनांवर कर अधिक, औषधांवर कमी, ही आपली जुनी पद्धत. विको टर्मरिक हे प्रसाधन नव्हे, असे त्या क्रीमच्या जाहिरातगीतातूनच बजावले जात असे. ते ग्राहकांना जेवढे उद्देशून होते तेवढेच अबकारी खात्यालाही असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे! विकोचा हा वाद १९७८ पासून चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे कंपनीच्या बाजूने निकाल लागला. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचे नशीब मात्र वेगळे निघाले. १९९५ साली आणि पुन्हा २००९ साली, नागपूरच्या अबकारी आयुक्तांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सामान्य माणूस त्या वस्तूकडे कशा दृष्टीने पाहतो ही कसोटी लावून ते औषध नसल्याचे ठरविले. एकाच्या हळदीला एक न्याय आणि दुसऱ्याच्या मंजनाला दुसरा, याचे वैषम्य वाटून घेण्याचे कारण नाही. सीमारेषाच पुसट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले तेव्हा शाम्पू, केसांचे तेल, साबणाची वडी यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, आयुर्वेदिक औषधांवरचाही १२ वरून ५ वर आला; चेहऱ्याच्या क्रीमवर मात्र १८ टक्केच राहिला. म्हणजे क्रीमवाल्याने आयुर्वेदिक परवाना मिळविण्याचे आर्थिक आकर्षण उलट वाढले आहे.

गुण येवो न येवो, निदान अपाय तरी होणार नाही, हा यावर नेहमीचा प्रतिवाद असतो. तो मान्य करता येत नाही. डोळ्यांत घालावयाचा पारंपरिक सुरमा शिशाच्या खनिजापासून करीत; ते खनिजही निसर्गानेच दिलेले. मेंदीचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस-नारिंगी असतो. ‘नैसर्गिक काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पूड अर्ध्या तासात केस काळेभोर करीत असेल, तर ते काम बहुधा पॅराफिनायलिनडायमिन या रसायनाचे असते. हे रसायन काहींच्या त्वचेस तीव्र अपाय करते. म्हणून ते असलेल्या कलपावर ‘प्रथम थोड्या त्वचेवर लावून पाहा’ अशी सूचना छापण्याचे कायदेशीर बंधन आहे. पुडीवर पानाचे चित्र ठसठशीत असते आणि ही सूचना भिंग घेऊन शोधावी लागते. दर पंधरवड्याला ही पूड कालवून डोक्याला थापणाऱ्या मध्यमवयीन कर्मचाऱ्यांची संख्या कमी नाही.

‘पॅराबेनविरहित’ या शब्दाची कथाही बोधप्रद आहे. २००४ साली स्तनाच्या गाठींच्या ऊतींत पॅराबेन आढळल्याचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पॅराबेनमुळेच कर्करोग झाला असे त्याने सिद्ध केले नव्हते, पण भीती पसरली आणि अनेक उत्पादकांनी पॅराबेन काढून दुसरी परिरक्षके वापरली. त्यांतील मिथाइलआयसोथायाझोलिनोन या द्रव्यामुळे युरोपात त्वचेच्या अ‍ॅलर्जीची जणू साथच आली. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरण्यास युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी घातली. इकडे अमेरिकेतील त्वचादाहतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली पॅराबेनला चक्क ‘वर्षातील अ‍ॅलर्जी न करणारे द्रव्य’ म्हणून जाहीर केले. परिरक्षक मुळीच नसलेली, पाणी असलेली क्रीम म्हणजे तर जंतूंना आमंत्रणच. ‘रसायनविरहित’ या शब्दाबद्दल काही न बोललेलेच बरे. चरबी वा तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या रासायनिक क्रियेवाचून साबण होत नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते.

याचा अर्थ शिकेकाई आणि रिठे फेकून द्यावेत असा नाही. काष्ठौषधींच्या दुकानात नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला-कचोरा आजही वजनावर मिळतात. काय घेतो ते दिसते, वासाने कळते, आणि दिवाळीचे घरगुती उटणे बाजारातील सुबक डबीच्या मानाने स्वस्तच पडते. पण त्याचीही एक किंमत असते व ती रुपयांत दिसत नाही. शिकेकाई रात्री भिजवणे, उकळणे, गाळणे आणि केसांतून तिचा चोथा काढणे यात सुट्टीची सकाळ जाते, आणि ती सकाळ घरातील स्त्रीचीच असते. सव्वानऊची लोकल गाठणाऱ्या शिक्षिकेने शाम्पूची पुडी वापरली तर आजीच्या ज्ञानाचा अव्हेर केला असे म्हणणारे गृहस्थ स्वतः शिकेकाई गाळावयास बसतील काय? तिने साधा शाम्पू घ्यावा. त्यात तिचे काही बिघडत नाही. शेतातील विषारी फवारे कमी व्हावेत म्हणून ज्यांना सेंद्रिय मालाला अधिक पैसे द्यावयाचे आहेत, त्यांनी ते प्रमाणित डाळ, तांदूळ, हळद यांना द्यावेत. तेथे माल किलोंनी खपतो आणि त्याचा काही अंश तरी जमिनीपर्यंत जातो. क्रीममधल्या दोन ग्रॅमांनी कोणत्याही शेताचे काही भले होत नाही.

या गोंधळात खरे नुकसान होते ते प्रामाणिक लहान उत्पादकाचे. बचत गटातील बायका खरोखरीची कोरफड घालून साबण करतात, त्यांच्या वडीवरही तोच शब्द आणि पाव टक्का कोरफड असलेल्या गुळगुळीत वडीवरही तोच. अ‍ॅकरलॉफच्या बाजारातून बाहेर पडावयाची पाळी कोणावर येते, हे सांगावयास नको.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक भ्रामक दाव्यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’, ‘शुद्ध’ असे मोघम शब्द पुरेशा स्पष्टीकरणाशिवाय व पुराव्याशिवाय वापरू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु पुरावा मागणार कोण? शंका आल्यास ग्राहकाला १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, पण जी गोष्ट वापरूनही कळत नाही तिच्याविषयी शंका येणार तरी कशी?

तूर्त हाताशी एक साधे साधन आहे. प्रसाधनाच्या वेष्टनावरील यादीत एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे सर्रास वापरले जाणारे परिरक्षक एक टक्क्याहून अधिक घालता येत नाही. वेष्टनाच्या दर्शनी भागावर जिचे चित्र आहे ती कोरफड यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर आली, तर ती एक टक्क्याहून अधिक नाही हे निश्चित. आयुर्वेदिक परवान्यावर निघणाऱ्या नळीवर याहून अधिक माहिती असते. तेथे प्रत्येक वनस्पतीचे नाव आणि तिचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. हाच नियम प्रसाधनांनाही लावावा. ज्या पानाचे चित्र छापले, त्या पानाचा टक्का चित्राखाली, तितक्याच मोठ्या अक्षरांत. त्यासाठी नवा कायदा नको, नवे खाते नको. २०२० च्या नियमांत एका ओळीची भर पुरेल.