भट्टी नवी, धुराडे जुने



लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्यांना पेलेट म्हणतात. वसतिगृहाच्या मोठ्या स्वयंपाकासाठी पेलेटची भट्टी घेणे हा विचार चांगला आहे. सरपण वाचते, शेतातला टाकाऊ माल कामी येतो. पण ‘विटांचे धुराडे आहेच, त्यातच नळी सोडू’ असे जे सर्रास बोलले जाते, ते मला मान्य नाही.

कारण समजून घ्यावे. जुने धुराडे लाकडाच्या चुलीसाठी बांधलेले, म्हणून रुंद असते. चुलीचा धूर भरपूर व कढत. तो आपल्या बळाने वर चढतो. पेलेटच्या भट्टीला पंख्याने हवा मिळते, आच भांड्याला जास्त लागते आणि बाहेर पडणारा वायू थोडा व कमी तापलेला असतो. रुंद, थंड विटांत तो वाटेतच निवतो. त्यातील वाफेचे पाणी होऊन काजळीत मिसळते आणि विटांचे सांधे खाते. भेगा पडल्या की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बसतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. कधी माणूस उठतच नाही.

त्यात वीज गेली तर पंखा थांबतो, कांड्या मात्र धुमसत राहतात. धुराड्याला ओढ नसेल तर तो सगळा धूर स्वयंपाकिणीच्या तोंडावर येतो.

म्हणून आधी धुराड्यातील काजळी, घरटी काढावीत. भट्टीच्या कारखानदाराने सांगितलेल्या मापाची स्टेनलेस स्टीलची नळी आतून थेट माथ्यापर्यंत न्यावी. सांधे हवाबंद करावेत, तळाशी राख काढायला झाकण ठेवावे, वर पावसाची टोपी बसवावी. त्याच नळीला दुसरी चूल जोडू नये. दरवर्षी पावसाळ्यानंतर नळी साफ करावी.

नळीचा खर्च टाळून भट्टी घेणे ही काटकसर नव्हे. पैसे कमी पडत असतील तर भट्टी एक वर्ष थांबू द्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्वयंपाकाच्या धुराने होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधले आहे. आपल्या मुलांसाठी रांधणाऱ्या हातांची काळजी घेणे, ही आपलीच जबाबदारी आहे.